राउटरची वॅन जोडणी स्वतः कशी करावी? (बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी धागा)

मलप्रभा_काठ (टिळकवाडी, बेळगाव)

मंडळी, बेळगावच्या गल्ल्यांपासून येळ्ळूर, उचगाव, संकेश्वर, निपाणीपर्यंत आता बऱ्याच घरांत फायबर पोचलंय. जोडायला येणारा मुलगा पेटी भिंतीवर ठोकतो, वायफायचं नाव-पासवर्ड सांगतो आणि पुढच्या घरी जातो. वॅनची, म्हणजे राउटरला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या बाजूची, माहिती मात्र त्याच्याच मोबाईलमध्ये राहते. पुढे कधी नवा राउटर आणला किंवा कुणी रिसेटच्या भोकात टाचणी घातली की घर ठप्प. त्यात उसाचा हंगाम असेल तर तो मुलगा लवकर सापडतही नाही, कारण उंच भरलेल्या ट्रॉल्यांनी रस्त्यावरून गेलेल्या वायरी जागोजागी ओढून तोडलेल्या असतात. आपलं कनेक्शन आपल्याला लावता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय. तुम्हीही भर घाला.

सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधा: डायल, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी, कोण करतंय? फायबर ज्या पेटीत शिरते ती ओएनयू. तिचं मूळ काम प्रकाशाचा सिग्नल इथरनेटमध्ये बदलायचं. पण हल्ली बहुतेक ओएनयूच राउटरचंही काम करतात: कंपनीच्या सर्व्हरशी सेशन जोडतात, घरातल्या उपकरणांना आयपी वाटतात, वायफाय देतात. याला राउट मोड म्हणतात. दुसरा प्रकार ब्रिज मोड. त्यात ओएनयू फक्त पाइपसारखी राहते आणि सेशन जोडायचं काम तुमच्या राउटरकडे येतं. हे न बघता नव्या राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरत बसलात तर तो नुसता 'कनेक्टिंग' दाखवत राहील.

ओळखायचं कसं? राउटरच्या वॅन पोर्टाला ओएनयूची वायर लावा, वॅनचा प्रकार 'डायनॅमिक आयपी' ठेवा आणि स्टेटस पान बघा. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आला आणि नेट चाललं तर डायल ओएनयू करतेय. काहीच पत्ता आला नाही तर बहुधा ब्रिज आहे, आणि तुम्हाला पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं होणारी जोडणी) लावायचंय.

आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पीपीपीओई सर्वांत जास्त. त्यात युजरनेम बऱ्याचदा ईमेलसारखं दिसतं, मध्ये 'ॲट'ची खूण असते, आणि ते पूर्ण भरावं लागतं. दुसरा डायनॅमिक आयपी, म्हणजे डीएचसीपी (आयपी आपोआप वाटायची सोय). यात भरायचं काही नसतं, पण काही केबलवाले पहिल्या उपकरणाचा मॅक पत्ता (कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) बांधून ठेवतात. मग नवा राउटर कितीही वेळा चालू-बंद केला तरी आयपी मिळत नाही. अशा वेळी राउटरमधल्या 'मॅक क्लोन'मध्ये जुन्या राउटरचा मॅक टाका किंवा ऑफिसला सांगून बांधलेला मॅक मोकळा करून घ्या. तिसरा स्टॅटिक आयपी. यात आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारा सर्व्हर) या चारही गोष्टी कंपनीकडून लिहून घ्यायच्या. एक आकडा चुकला तरी पुढे काही जात नाही.

ब्रिज करताना व्हीलॅन (एकाच वायरीतल्या वेगवेगळ्या वाटा ओळखायची खूण) विसरू नका. काही कंपन्यांच्या नेटला व्हीलॅनचा क्रमांक लागतो, तो १ ते ४०९४ मधला कुठलाही असू शकतो. तो ओएनयूतच भरलेला असेल तर राउटरमध्ये पुन्हा भरायचा नाही. दोन्हीकडे टाकला किंवा दोन्हीकडून राहिला, तर सेशन जुळत नाही.

आणि सगळ्याच्या आधी ओएनयूवरचा 'लॉस'चा दिवा बघा. तो लाल असेल तर बिघाड फायबरमध्ये आहे, राउटरला हात लावू नका. ओएनयूच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर निर्धास्त. उणे २७ च्या पुढे गेली तर नेट येत-जात राहणार. हा आकडा सांगून तक्रार नोंदवली की समोरचा माणूसही नीट ऐकून घेतो.

शहापूर_पेठ

फार छान लिहिलंत. माझा प्रश्न अगदी साधा आहे. वडगावात आमचं घर लांबट आहे, पुढे दुकान, मागे माग. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून दुसरा राउटर आणला. ओएनयूच्या वायरीवर लावला तर नेट चालतं, पण मागच्या कॉम्प्युटरवरून पुढच्या प्रिंटरवर बिल निघत नाही. आणि राउटरचं पान उघडायला १९२.१६८.१.१ टाकलं की कधी ओएनयूचं पान येतं, कधी राउटरचं. काय करावं?

मलप्रभा_काठ

तुमच्या ओएनयू आणि राउटर दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आहे, त्यामुळे टक्कर होतेय. शिवाय दोघंही नॅट करताहेत, म्हणजे आपापलं वेगळं नेटवर्क एका पत्त्यामागे ठेवताहेत, म्हणून पुढचा प्रिंटर एका घरात आणि मागचा कॉम्प्युटर दुसऱ्या घरात असल्यासारखं झालंय.

तुम्हाला दुसऱ्या राउटरची वॅन नकोच आहे. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल. तो पर्याय नसेल तर तीन गोष्टी करा: राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (आधी बघून घ्या, हा पत्ता ओएनयूनं दुसऱ्या कुणाला दिलेला नसावा), त्याचा डीएचसीपी बंद करा, आणि ओएनयूकडून येणारी वायर वॅन पोर्टात न लावता लॅन पोर्टात लावा. सगळं घर एका नेटवर्कमध्ये येईल आणि प्रिंटर दिसेल.

कोगनोळी_नाका

दादा, आमच्याकडचा त्रास वेगळा हाय. गावाबाहेर शेतात घर, फायबर आलेली न्हाई, म्हणून सिमकार्डाचा फोरजी राउटर घेतलाय. सिम कर्नाटकचं. दिवसा चालतं, संध्याकाळी मधेच 'नो इंटरनेट'. राउटरवर सिग्नलच्या काड्या मात्र भरलेल्या. पोरगीची सीईटीची तयारी चाललीया, तिचा व्हिडिओ मधेच थांबतो. सिम दुसऱ्या कंपनीचं घालू का?

मलप्रभा_काठ

कंपनी बदलायच्या आधी एक तपासा. कोगनोळी म्हणजे अगदी सीमेवर, पलीकडे कागल. दूरसंचार खात्याच्या विभागणीत कर्नाटक एक सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. एकाच कंपनीचे दोन सर्कलमधले टॉवर वेगळ्या क्रमांकाने ओळखले जातात. उदाहरणार्थ बीएसएनएलचा कर्नाटकातला क्रमांक ४०४-७१ आणि महाराष्ट्रातला ४०४-६६. एअरटेलचा कर्नाटकात ४०४-४५, महाराष्ट्रात ४०४-९०. तुमचा राउटर कधी अलीकडचा टॉवर धरतो, कधी कागलकडचा. पलीकडचा धरला की काही राउटर त्याला रोमिंग समजतात, आणि त्यांच्यात 'डेटा रोमिंग' मुळातच बंद असतं. मग काड्या पूर्ण, नेट शून्य.

राउटरच्या मोबाईल नेटवर्क पानावर जाऊन डेटा रोमिंग चालू करा. देशातल्या देशात आहे, पण मनाच्या खात्रीसाठी तुमच्या प्लॅनमध्ये बाहेरच्या सर्कलचा डेटा धरला आहे ना, हे एकदा ॲपमध्ये बघून घ्या. नेट बंद पडेल तेव्हा त्याच पानावर नेटवर्कचा क्रमांक काय दिसतो ते टिपून ठेवा, म्हणजे टॉवर बदलतोय का ते कळेल.

काड्यांवर विसंबू नका. त्याच पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) असे दोन आकडे असतात. आरएसआरपी उणे ९० किंवा त्याहून चांगला असेल तर टॉवर नीट ऐकू येतोय, उणे ११० च्या खाली गेला तर कमजोर. पण खरा आकडा एसआयएनआर. तो १० च्या वर हवा. शून्याच्या आसपास असेल तर दोन टॉवर एकमेकांत मिसळताहेत, आणि सीमेवर हे हमखास होतं. राउटर ज्या टॉवरवर चांगला चालतो त्या दिशेच्या खिडकीत ठेवा. राउटरमध्ये बँड लॉकची (एकाच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर बांधून ठेवायची) सोय असेल तर चांगला चालणारा बँड ठरवून द्या, म्हणजे तो सारखा इकडून तिकडे उड्या मारणार नाही.

कोगनोळी_नाका

रोमिंग बंदच हुतं! चालू केलं. नंबर बी बदलताना दिसला, ४५ चा ९० झाला, तरी नेट सुरूच राहिलं. राउटर माडीवर पूर्वेच्या खिडकीत नेला, एसआयएनआर ३ वरनं १४ झाला. लई आभार.

जांबोटी_ताई

मी गावात सेवा केंद्र चालवते. शेतकऱ्यांना भूमीचा (कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या साइटवरचा) उतारा काढून देणं, पेन्शनचे अर्ज, पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा नेटही जातं, आणि माणसं दहा-बारा किलोमीटर चालत किंवा वडापनं आलेली असतात. त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटतं. म्हणून दोन गोष्टी सांगते, कुणाला उपयोग झाला तर बरं.

ओएनयू आणि राउटर दोन्ही बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. मोठा इन्व्हर्टर नसला तरी १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, त्यावर दोन्ही काही तास निघतात. घेताना दोन्ही ॲडॉप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज करायची. एक अँपिअरचे दोन असतील तर यूपीएस किमान दोन अँपिअर देणारा हवा, आणि दोघांना वेगळी पिन हवी. फक्त राउटरला यूपीएस लावून ओएनयू भिंतीत ठेवली तर उपयोग नाही, वायफाय दिसेल पण नेट नसेल. आमच्या भागात अनेकांनी असंच लावलंय.

दुसरी गोष्ट विजेची. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात मेच्या वळिवात विजा फार. शेजारच्या इमारतीत नेट न्यायला लांब तांब्याची लॅन केबल बाहेरून ओढली की ती वीज आत आणते, राउटरचं वॅन पोर्ट आणि कॉम्प्युटरचं पोर्ट दोन्ही जळतात. दोन इमारतींमध्ये फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारी छोटी पेटी) लावा. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. मात्र जिच्या आत आधाराची लोखंडी तार असते ती घेऊ नका, किंवा ती तार इमारतीत शिरायच्या आधी कापून घ्या.

मलप्रभा_काठ

ताई, यूपीएस आणि तारेचा मुद्दा फार मोलाचा आहे. तुमच्याकडे दुसरी लाइन म्हणून सिमकार्ड जोडता आलं तर फायबर तुटली तरी उतारे थांबणार नाहीत. त्यावर लिहितोच.

उद्यमबाग_टर्निंग

त्यावर मीच लिहितो, कारण आमच्या वर्कशॉपला त्याची फार गरज पडली. माल गाडीत भरून तयार, आणि ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं. नेट नसलं की गाडी गेटवर उभी राहते. म्हणून दोन वॅनचा राउटर बसवला. वॅन १ ला फायबर, वॅन २ ला दुसरं कनेक्शन. टीपी-लिंकचा ईआर६०५, मायक्रोटिकचे छोटे राउटर, किंवा ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत सॉफ्टवेअर) घातलेला कुठलाही राउटर आणि त्यात एमवॅन३ हे पॅकेज, तिन्हीत हे जमतं.

पहिला निर्णय: फेलओव्हर की लोड बॅलन्स? फेलओव्हरमध्ये एक लाइन चालते आणि ती पडली की दुसरी उचलते. लोड बॅलन्समध्ये दोन्ही एकदम चालतात. बरेच जण समजतात की ५० च्या दोन लाइन जोडल्या की १०० चा वेग मिळेल. एका डाउनलोडला तसं मिळत नाही. एक जोडणी एकाच लाइनवरून जाते, फक्त दहा माणसं असली तर ती दोन्हीकडे विभागली जातात. आणि बँकेच्या किंवा जीएसटीच्या साइटवर मधेच आयपी बदलला की ती बाहेर काढते. लोड बॅलन्स करायचंच असेल तर एका कॉम्प्युटरचं सगळं एकाच लाइनवर राहील असा पर्याय चालू ठेवा. आम्ही सरळ फेलओव्हर ठेवलंय.

दुसरा निर्णय याहून महत्त्वाचा: लाइन पडली हे राउटरला कळणार कसं? वायर लागलेली आहे, पीपीपीओई सेशन जिवंत आहे, पण कंपनीची पुढची लिंक कुठेतरी जेसीबीनं तोडलीय, अशा वेळी राउटरला सगळं ठीकच दिसतं आणि तो दुसऱ्या लाइनवर जात नाही. म्हणून तपासणी बाहेरच्या पत्त्यावर लावा: ८.८.८.८ आणि १.१.१.१ अशा दोन ठिकाणी पिंग (उत्तर येतं का ते बघणारा छोटा संदेश). दोन्हीकडून उत्तर आलं नाही तरच लाइन मेली समजा. एका पिंगवर निर्णय घेऊ देऊ नका, सलग तीन ते पाच चुकली की मग बदल. नाहीतर राउटर सारखा इकडून तिकडे जात राहतो.

मलप्रभा_काठ

यात एक जोडतो. दुसरी लाइन वेगळ्या वाटेनं आलेली हवी. दोन कंपन्यांची दोन फायबर घेतली, पण दोन्ही त्याच खांबावरून त्याच रस्त्यानं आली, तर एक उसाची ट्रॉली दोन्ही नेते. हायवेच्या रुंदीकरणाच्या खोदाईतही हेच होतं. म्हणून एक फायबर आणि एक सिमकार्ड हा जोड आपल्या भागात सर्वांत भरवशाचा.

मायक्रोटिकवाल्यांसाठी: डीफॉल्ट राउटचं डिस्टन्स फायबरला १ आणि सिमला २ ठेवायचं. ओपनडब्ल्यूआरटीत मेट्रिक तसंच, फायबरला १० आणि सिमला २०. लहान आकडा आधी वापरला जातो.

माळमारुती_नगर

मला कॅमेऱ्यांबद्दल विचारायचंय. मच्छ्यात भावाचं गोडाऊन आहे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) बसवलाय. पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी राउटरमधून डीव्हीआरकडे वळवली, तरी बाहेरून दिसत नाही. घरच्या वायफायवर दिसतं. राउटर खराब असेल का?

उद्यमबाग_टर्निंग

राउटर बहुधा चांगलाच आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी बघा. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन आकडे वेगळे असतील आणि वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच सार्वजनिक आयपी कंपनीनं अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे तुमचं पोर्ट फॉरवर्ड त्यांच्या दारातच अडतं. सिमकार्डाच्या नेटवर तर हे जवळजवळ नेहमीच.

मलप्रभा_काठ

बरोबर. वॅनवर १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी अर्थ तोच, किंवा ओएनयू राउट मोडमध्ये आहे.

मार्ग तीन. कंपनीकडून महिन्याच्या भाड्यानं स्टॅटिक आयपी घ्या. किंवा डीव्हीआर कंपनीचं ॲप वापरा, त्यात डीव्हीआर स्वतः बाहेर जोडणी करतो, सीजीनॅट आड येत नाही. किंवा वायरगार्डवर चालणारं टेलस्केल हे व्हीपीएन (बाहेरून आतल्या नेटवर्कात यायची सुरक्षित वाट) गोडाऊनमधल्या एका कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर घाला.

एक कळकळीची विनंती: स्टॅटिक आयपी घेतलात तरी डीव्हीआरचं पोर्ट उघडं टाकू नका. जुने डीव्हीआर कारखान्यातल्या पासवर्डवरच चालू असतात आणि अशी उघडी पोर्टं शोधणारे प्रोग्राम जगभर अखंड फिरत असतात. भावाच्या गोडाऊनचे कॅमेरे अनोळखी माणसानं बघावेत असं कुणालाच वाटणार नाही. व्हीपीएन लावा, त्यातूनच बघा. राउटरचं ॲडमिन पान बाहेरून उघडायची सोय, रिमोट मॅनेजमेंट, तीही बंद आहे ना बघा.

शहापूर_पेठ

प्रिंटर चालू झाला! आता अजून एक. नेट चालतं, व्हॉट्सॲप चालतं, पण एक-दोन साइट अर्ध्यावर अडकतात. मुलाच्या कॉलेजचं पोर्टल तर उघडतच नाही. मोबाईलच्या नेटवर मात्र उघडतं.

मलप्रभा_काठ

हे एमटीयूचं, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचं, लक्षण असू शकतं. इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट जातात. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःच्या हेडरसाठी (पाकिटाच्या सुरुवातीच्या माहितीसाठी) घेतं, उरतात १४९२. वॅनला एमटीयू १५०० लिहिलेलं असलं की मोठी पाकिटं वाटेत अडतात. लहान पाकिटांचं व्हॉट्सॲप चालतं, मोठी पानं अडकतात.

वॅनच्या पानावर एमटीयू १४९२ करा. खात्री करायची तर विंडोजच्या कमांड खिडकीत पिंग द्या, सोबत 'तुकडे करू नको'चा पर्याय, म्हणजे उणे एफ, आणि आकार उणे एल १४६४. हेडरचे २८ मिळवून ते बरोबर १४९२ होतात. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर १४५२, १४२४ असं उतरत जा. जो मोठ्यात मोठा आकडा चालतो त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. राउटरमध्ये 'एमएसएस क्लॅम्प' (पाकिटं आपोआप लहान ठेवायचा पर्याय) असेल तर तेही चालू करा. तरीही पोर्टल उघडलं नाही तर डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८ देऊन बघा.

जांबोटी_ताई

दादा, आता पुतण्याकडून सिमची दुसरी लाइन लावून घेतेय. राउटर बदलला तर पीपीपीओईचा पासवर्ड चालेल ना? मागे एकदा बदलला तेव्हा पासवर्ड बरोबर असूनही 'ऑथेंटिकेशन फेल' येत होतं.

मलप्रभा_काठ

चालेल ताई. बहुतेक कंपन्या एका युजरनेमवर एकच सेशन देतात. जुना राउटर नुसता भिंतीतून उपटला तर त्याचं सेशन कंपनीच्या सर्व्हरवर काही मिनिटं तसंच राहतं, आणि नव्याला नकार मिळतो. म्हणून आधी जुन्या राउटरच्या वॅन पानावर 'डिस्कनेक्ट' दाबा, मग तो बंद करा, मग नवा लावा. तरी नकार आला तर ओएनयू बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. आणि युजरनेम कॉपी-पेस्ट करताना शेवटी रिकामी जागा येत नाही ना ते बघा.

सिमसाठी एपीएन (सिमच्या कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव) बहुतेक राउटर आपोआप भरतात. नाही भरला तर जिओचा जिओनेट, बीएसएनएलचा बीएसएनएलनेट.

सगळं चालू झालं की राउटरच्या 'बॅकअप' पानावरून सेटिंगची फाईल पेनड्राइव्हवर घ्या, आणि युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक, ओएनयूची आजची आरएक्स पॉवर हे केंद्राच्या वहीत लिहून ठेवा. पुतण्या गावात नसला तरी ती फाईल 'रिस्टोअर' केली की राउटर पाच मिनिटांत पूर्ववत होतो. लावल्यावर फायबरची वायर ओएनयूतून स्वतः काढून एकदा बघा, सिमवर उतारा निघतो का ते. पावसाच्या आधीच हे करून घ्या.

जांबोटी_ताई

आज संध्याकाळी पुतण्या आला होता. फायबर काढली, अर्ध्या मिनिटात सिमवर गेलं, भूमीचं पान उघडलं आणि उताऱ्याची प्रिंट निघाली. फायबर परत लावल्यावर आपोआप तिकडे वळलं. बॅकअपची फाईल घेतली आहे, वहीतही लिहिलंय. खानापुरातल्या दुसऱ्या दोन केंद्रांना हा धागा पाठवला आहे, त्यांचे प्रश्न असतील तर इथेच विचारतील.